मोरघारीचा दादला

"आज नका उडवू, ताई. अंडी फुटोस्तवर थांबायचं ठरलं होतं ना आपलं?"

कोंडाजी लांघी हे म्हणाले तेव्हा मी खडकावर मांडी घालून यंत्राच्या पायातला दोरा ताणत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. मार्चचा पहिला आठवडा. करवीची झुडपं वाळून खडखडायला लागली होती.

"एकदाच, बाबा," मी म्हटलं. "परवा पाहुणे येणार आहेत. त्याआधी एकदा तरी खऱ्या झाडावर बसवून बघायला हवं."

"मग समोरच्या टेकाडावर बसवा की. परवानगी तिथलीच हाय."

"तिथे वाराच नाही. सरांनी सांगितलंय, ह्याच झाडावर."

त्यांनी काठी आडवी ठेवली, खाली बसले आणि कड्याकडे बघत राहिले. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर फार वेळा वाटलं.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि डॉक्टर बेंद्रे सरांच्या हाताखाली एक उडणारं यंत्र बनवत होते. उडणारी यंत्रं तेव्हाही ढिगाने होती, पण ती सपाट जमिनीवर उतरायची. फांदीवर, तारेवर, खडकाच्या टोकावर पक्षी जसा बसतो, तसं बसणारं यंत्र आम्हाला हवं होतं. एका खासगी कंपनीला विजेच्या मनोऱ्यांची तपासणी करण्यासाठी ते पाहिजे होतं.

बसणं ही उडण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे, हे मला चार वर्षांत कळलं होतं. पक्षी फांदीजवळ येताना छाती वर करतो, पंख आणि शेपटी पसरून वारा अडवतो, क्षणभर हवेत उभा राहिल्यासारखा होतो आणि मग पाय पुढे टाकतो. अंगाचं ओझं पायावर आलं की गुडघा वाकतो, गुडघा वाकला की आतली शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप आवळली जातात. आमच्या यंत्राच्या पायात शिरेच्या जागी दोरा होता. पंख कापडाचे, हाडं कार्बनच्या काड्यांची, पोटात कॅमेरा आणि नाकाशी एक छोटा पंखा. आम्ही त्याला पाखरू म्हणायचो.

पाखराला बसायला शिकवलं होतं ते काळकड्यावरच्या एका नर मोरघारीने. मोरघार म्हणजे मोठ्या गरुडासारखा शिकारी पक्षी. त्र्यंबकच्या पलीकडे, उंबरदरी नावाच्या पाड्याच्या वर हा कडा आहे. कड्याच्या कपारीत ह्या जोडीचं घरटं होतं आणि घरट्यापासून चाळीसेक पावलांवर एक वठलेलं ऐनाचं झाड दरीवर झुकलेलं होतं. नर शिकार घेऊन यायचा तो आधी ह्या झाडावर. तिथून साद घालायचा. मग मादी घरट्यावरून उठून यायची आणि त्याच्या पायातून भक्ष्य घ्यायची. सहा आठवडे मी फांद्यांच्या आडोशाला बसून त्याचं उतरणं टिपलं. दोनशे सत्तेचाळीस वेळा. त्यातूनच पाखराच्या मेंदूतला हिशेब तयार झाला होता. इतका हुबेहूब, की बसल्यावर पंख मिटण्याआधी नर डावा पंख एकदा झटकायचा, तसा पाखरूही झटकायचं. ते आम्ही मुद्दाम शिकवलं नव्हतं. सरांना त्याचं फार कौतुक होतं.

कोंडाजीबाबा वनखात्याचे रोजंदारीवरचे राखणदार. साठीचे असतील. ह्या कड्यावरच्या मोरघारी ते वीस वर्षं बघत होते. मादीला ते 'बाई' म्हणायचे आणि नराला 'दादला'. "दादला आला बघा," असं ते हळूच म्हणायचे आणि मी कॅमेरा सुरू करायचे.

तर त्या सकाळी मी पाखरू उडवलं. पहिल्याच खेपेला ते ऐनाच्या फांदीवर बसलं. इतकं सुरेख, की मी ओरडलेच.

"बसलं! बाबा, बसलं बघा!"

कपारीतली मादी मान उंचावून बघत होती. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण एकदा जमलं ते पुन्हा जमतं का, हे बघायचं होतं. मी ते उठवलं, दरीवरून वळवलं आणि परत झाडाकडे आणायला लागले.

नर कुठून आला ते मला दिसलंच नाही. बाबा "ताई!" म्हणून उठले, एवढंच आठवतं. तो पंख मिटून उन्हातून सरळ खाली आला होता. आपल्या झाडावर दुसरं कुणी बसतंय, हे त्याला खपणार नव्हतं. पाखराचा पंखा बारीक, मुठीएवढा. पण त्याचा वेग भयंकर असतो. टक्क असा एकच आवाज झाला. पाखरू डगमगलं, सावरलं आणि शिकवल्याप्रमाणे जाऊन फांदीवर बसलं. डावा पंख झटकला.

नर खाली करवीत पडला होता.

आम्ही उतरून गेलो तेव्हा तो ऊन होता. गळ्याशी चीर होती, बाकी सगळा जसाच्या तसा. पायाची बोटं घट्ट आवळलेली. मी ती उघडायचा प्रयत्न केला, का ते सांगता येणार नाही. उघडली नाहीत.

बाबांनी तिथेच दगड बाजूला करून खड्डा केला. त्याला ठेवलं, दगड पुन्हा रचले. हात झटकत म्हणाले, "सांगायचं तर तुमी सांगा. मी आपनहून सांगनार न्हाय. पन कुनी इचारलं तर खोटं बी बोलनार न्हाय."

पाड्यातल्या शाळेमागे फोनला रेंज यायची. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "यंत्र शाबूत आहे?" मी हो म्हटलं.

"शरयू, हे फार वाईट झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर खाली गेला होता. "पण आत्ता कळवलं तर परवानगी जाईल, परवाचं सगळं जाईल. चार वर्षं आहेत गं ह्यात आपली. परवाचं पार पडू दे. मग आपण दोघं मिळून कळवू."

"बरं, सर," मी म्हटलं.

पाहुणे आले. चौघे जण, डोक्यावर सारख्या टोप्या. बाबांनी पाड्यातून खुर्च्या आणून झाडीच्या सावलीत मांडल्या होत्या. सरांनी थोडक्यात माहिती दिली आणि मला खूण केली.

पाखरू दरीवरून आलं, छाती वर केली, फांदीवर बसलं, डावा पंख झटकला. टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात कपारीतून मादी उठली.

ती आता झडप घालणार, असं वाटून मी पंखा बंद केला. पण तिने झडप घातली नाही. ती ऐनाच्या झाडावर येऊन बसली, पाखराच्या अगदी शेजारी. मान खाली घातली, पंख अर्धवट सोडले आणि बारीक, चिरक्या आवाजात ओरडायला लागली. थांबायची, पाखराच्या पायांकडे बघायची, पुन्हा ओरडायची.

"क्या बात है!" पाहुण्यांतला एक उठून उभा राहिला. "अहो, खऱ्या पक्ष्यालासुद्धा फरक कळत नाहीये!"

सर हसत होते. माझ्याकडे मात्र बघत नव्हते. सगळ्यांनी मोबाईल काढून चित्रण केलं. बाबा खुर्च्यांच्या मागे उभे होते. ते वळले आणि पायवाटेने खाली निघून गेले.

गाड्या गेल्यावर दुपारी मी त्यांना ओढ्याशी गाठलं.

"बाबा, ती असं का करत होती?"

"तुमाला कळलं न्हाय व्हय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उपाशी हाय ती. अंड्यावरनं तिला जास्ती हलता येत न्हाय. दादलाच आनून द्यायचा. तीन दिस झाले, कुनी काय आनलं न्हाय. मागत होती त्याच्यापाशी."

सर दोन दिवसांनी वनखात्याला कळवू म्हणाले होते. दोन दिवसांचे चार झाले. मी त्यांना म्हटलं, मी इथेच थांबते, अजून नोंदी घ्यायच्या आहेत. त्यांनी लगेच होकार दिला. मी तिथे थांबणं त्यांनाही सोयीचंच होतं.

पाखराच्या पायात भक्ष्य देऊन ते झाडावर न्यायचं, ही कल्पना माझी. बाबांना ती पटली नव्हती, पण दुसरा उपायही सुचत नव्हता. कपार अशी होती की वरून काही टाकलं तर ते थेट दरीत जायचं, आणि दोर लावून कुणी उतरलं असतं तर ती अंडी सोडून उडाली असती. शेवटी त्यांनीच भातखाचरातले उंदीर पकडून आणले. मी पंख्याभोवती तारेची जाळी बसवली, उंदीर पायात अडकवला आणि पाखरू सोडलं.

मादी आली. उंदीर चोचीने ओढून घेतला आणि उडून गेली.

मी खडकावर बसून रडले. बाबा म्हणाले, "चला, खाल्लं तिनं. आता संध्याकाळचं बघू."

त्यानंतर अठरा दिवस मी दिवसातून दोनदा पाखरू उडवलं. नराच्या सगळ्या सवयी माझ्याकडे लिहिलेल्या होत्याच. तो उत्तरेकडून यायचा, कड्याला वळसा घालून. आधी वर चढायचा, मग उतरायचा. मीही पाखरू तसंच आणायला लागले. बाबा पहिल्यांदा म्हणाले, "दादला आला," तेव्हा आम्ही दोघंही हसलो. पुढे ते हसेनासे झाले आणि नंतर ते शब्दच त्यांनी सोडले. पण माझ्या तोंडात ते बसले होते. सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, तिला भूक लागली असेल, मला निघायला हवं. यंत्राला निघायला हवं, असं नाही. मला.

बाराव्या दिवशी घरट्यात पिल्लू दिसलं. पांढऱ्या कापसाचा गोळा. दुसरं अंडं फुटलंच नाही. त्या दिवशी मादीने भक्ष्य घेऊन घरट्यात ठेवलं आणि ती परत झाडावर आली. माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर पाखराच्या कॅमेऱ्यातलं चित्र दिसायचं. पडदाभर तिचा पिवळा डोळा आला. मग तिने मान पुढे केली आणि पाखराच्या गळ्याशी, कापडाच्या शिवणीशी, चोचीने हलके हलके विंचरायला लागली. बराच वेळ. मधूनच थांबून कॅमेऱ्यात बघायची.

मी पडदा हाताने झाकला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

सोळाव्या दिवशी दुसरा नर आला. तरणा होता, पिसं अजून तांबूस. कड्यावर घिरट्या घालून तो खालच्या एका सुळक्यावर बसला. पायात सरडा होता. त्याने साद घातली. मादीने मान वळवून बघितलं, आणि काही समजायच्या आत ती कपारीतून उठून त्याच्यावर धावून गेली. त्याला पार दरीपलीकडे हाकलून आली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिने पुन्हा हाकललं. ह्या खेपेला त्याची पिसं उडाली.

"विधुर, विधवा फार दिस एकटी ऱ्हात न्हाईत ह्यांच्यात," बाबा म्हणाले. "मागं एकदा बघितलंय मी. आधीची मादी मेली तर महिन्याच्या आत दादल्यानं ही आनली. हा चांगला हाय. शिकार घेऊन आलाय. तिनं घ्यायला पायजे होता."

"मग का घेत नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, त्यानेच मला जास्त लाज वाटली.

"ताई, तो मेला हे तिला कुनी सांगितलंय? तिच्या लेखी तो रोज येतोय. सकाळ-संध्याकाळ."

मी पंख्यावरची जाळी उगीच नीट करत राहिले.

"तुमी असं किती दिस आनून देनार? पिल्लू मोठं व्हायला दोन महिनं लागत्यात. त्याला तुमचा उंदीर पुरायचा न्हाय. आन पुढल्या साली? तेव्हा कोन येनार?"

"आजपासून उडवायचं बंद करू?"

"बंद केलं तर ती वाट बघत बसंल. आठ दिस, पंधरा दिस. तवर हा दुसरा निघून जाईल." त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली, पायाने पुसली. "तिच्या डोळ्यांदेखत जायला पायजे तो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी पाखरू शेवटचं उडवलं. पायात काही दिलं नव्हतं. उत्तरेकडून आणलं, कड्याला वळसा घातला, वर चढवलं. मादी घरट्याच्या काठावर येऊन उभी राहिली होती आणि ओरडत होती. मी ते झाडाकडे नेलं नाही. दरीच्या मधोमध नेलं आणि पंखा बंद केला. पंखांचा ताणही सोडून दिला.

पाखरू क्षणभर तरंगलं. मग एका बाजूला कललं आणि गरगरत खाली गेलं. मादी त्याच्या मागे झेपावली. ते दगडांवर आपटलं त्याचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला. ती आपटता आपटता वाचली, वर उसळली आणि दरीत गोल गोल फिरायला लागली. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत ती फिरत होती आणि हाका मारत होती. तिची ती हाक मागण्याची नव्हती. तशी मी आधी कधी ऐकली नव्हती.

बाबा कानावर उपरणं बांधून बसले. मी कान झाकले नाहीत.

पिल्लू जगलं, हे आधीच सांगून टाकते. त्यानंतर पाचव्या दिवशी तो तरणा नर ऐनाच्या झाडावर बसला आणि मादीने त्याला बसू दिलं. मे महिन्यात पिल्लू उडाल्याचं बाबांनी मला फोन करून सांगितलं. त्याआधीच मी वनखात्याला सगळं लिहून दिलं होतं, एकटीनेच. चौकशी झाली, काम दोन वर्षं बंद पडलं. सर माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत आणि मला त्यांच्याबद्दल वाईट काही म्हणायचं नाही. 'बरं' म्हणणारी मीच होते.

पण हे सगळं कागदावर आहे. जे कागदावर नाही ते पाखरू पाडल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं.

यंत्राची बॅटरी पावसाळ्यात ओढ्यात वाहून आली तर पाणी नासेल म्हणून मी आणि बाबा ते उचलायला दरीत उतरलो. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, धोंड्यांवरून जायला दीड तास लागला. पाखरू एका मोठ्या दगडावर उताणं पडलं होतं. एक पंख मोडलेला, दुसरा पसरलेला. पाय वर.

त्याच्या डोक्याशी एक तित्तिर ठेवलेला होता. ताजा. छातीची पिसं नीट उपटून काढलेली, पिल्लासाठी सोलतात तशी. त्याच्या शेजारी आणखी एक होता, आदल्या दिवशीचा. त्याला मुंग्या लागल्या होत्या. दोन्हींना चोच लावलेली नव्हती.

बाबा खाली बसले.

"वर पिल्लू उपाशी," ते म्हणाले, "आन ही हितं..." थोड्या वेळाने ते उठले, डोक्याचं उपरणं सोडलं, ताजा तित्तिर त्यात बांधला. "ह्यो मी कपारीत पोचवतो. कमरेला दोर बांधून उतरतो. तुमी हे आवरा."

साठीचा माणूस. मी नको म्हणायच्या आत ते धोंडे चढून गेलेसुद्धा.

मी पाखराजवळ एकटी होते. पाठीवर वारा लागला म्हणून मान वळवली तर मादी समोरच्या दगडावर येऊन बसली होती, दहा पावलांवर. इतक्या जवळून मी तिला कधीच बघितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाखराकडे बघत होती.

ते तसंच उचलून पिशवीत घालावं, असं आधी वाटलं. हात पुढे केला आणि थांबले. मग खिशातून पेचकस काढला.

आधी मोडलेला पंख सुटा केला. कापड काडीवरून ओढून काढलं, घडी केली आणि दगडावर तिला दिसेल असं ठेवलं. दुसरा पंख. शेपटी. दोन्ही पाय, बोटांमधला दोरा सोडवला तशी ती सैल पडली. मग डोकं, कॅमेरा, पंखा. एकेक वस्तू मी तिच्यासमोर मांडत गेले. घाई केली नाही. माझ्या हाताला कापडाची शिवण लागली, तिथे गळ्याशी, तिच्या चोचीने दोरे वर आलेले होते.

शेवटी तिथे पक्ष्यासारखं दिसणारं काही राहिलं नाही. काड्या, कापड आणि तारा.

ती दगडावरून खाली उतरली. दोन पावलं चालत पुढे आली. तिने मान तिरकी करून त्या काड्यांवरून नजर फिरवली, एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

किती वेळ, ते मला सांगता येत नाही. नंतर ती उडाली आणि कड्याकडे गेली.